दस्तगीरचाचांचे तीन पट्टे

दस्तगीरचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते घोड्याकडे पाठ करून बसले होते.

आम्ही नुकतेच या गल्लीत राहायला आलो होतो. सात रस्ता चौकापासून चालत बारा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. आमच्या भिंतीला लागून पत्र्याची लांबट शेड होती आणि शेडपुढे वीस पावलांची फरशी. त्या फरशीवरून एक माणूस तपकिरी शिंगराला दोरीनं धरून नेत होता, आणत होता. आणि ज्यांना दाखवायला ते आणलं होतं, ते साठी उलटलेले गृहस्थ पालथ्या बादलीवर, भिंतीकडे तोंड करून बसलेले. उजव्या हाताचं एक बोट तेवढं मांडीवर टकटक पडत होतं. मला वाटलं, दोघांचं भांडण झालं असावं.

चौथ्या फेरीला ते बोट वरच राहिलं.

"फुडचा डावा," ते भिंतीलाच म्हणाले. "गुडघ्याच्या खाली, आतल्या अंगाला. हात लावू नको, गरम आसंल."

मग उठले, बादलीतल्या पाण्यात हात धुतले, पुसले, आणि आधी उजव्या पायावरून बोटं फिरवली. नंतर डाव्या. गुडघ्याखाली चार बोटांवर थांबले. तिथे गाठ होती. मी जवळ जाऊन पाहिली तरी मला ती दिसली नाही. माझं बोट धरून त्यांनी तिच्यावर ठेवलं तेव्हा कळली.

"पाठ का केली होती तुम्ही?" मी विचारलं.

"डोळा लई लबाड आसतोय, साहेब. घोडं देखणं आसलं की डोळा त्याच्याकडनं हुतो. कानाला देखणं कळत न्हाय."

मी फरशीवरचे ठोके पुन्हा ऐकले. मला चारही सारखेच वाटले.

चाचा नालबंद होते. वरातीच्या घोड्या, उरलेसुरले दोनचार टांगे आणि हौशी लोकांची जनावरं यांना नाल ठोकणं हा त्यांचा धंदा. पण लोक लांबून, अगदी अक्कलकोट आणि करमाळ्याहून, टेम्पोत घालून शिंगरं आणत ती नालासाठी नव्हे. दोन-अडीच वर्षांचं शिंगरू पहिल्यांदा कामाला जुंपलं, कडक रस्त्यावर पळवलं, की पुढच्या पायाच्या नळीवर आतून हाड सुजतं. चाचा त्याला बेरहड्डी म्हणत. कोणती गाठ किती दिवसांची, दुखते की नुसती दिसते, जनावर उभं राहील की नाही, हे त्यांच्या बोटांना कळायचं.

त्यांच्याकडे गाठीची तीन मापं होती: ज्वारीचा दाणा, हरभरा, सुपारी. वजनमापं तपासून त्यांवर शिक्का मारायच्या सरकारी नोकरीत माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. मला हे मानवेना. "कुठली ज्वारी?" मी विचारलं. ते जराही न हसता म्हणाले, "मालदांडी. हायब्रीड न्हाय."

एका रविवारी मी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन गेलो. तिथे दोन शिंगरं बांधलेली होती आणि चाचांच्या मते दोघांच्या गाठी हरभऱ्याएवढ्या, तंतोतंत. मी व्हर्नियर लावला. पहिलं शिंगरू असं उसळलं की मी मागच्या लिदीत बसलो. दुसऱ्या वेळी दोघांचं माप आलं, ते एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरनं वेगळं. मी ते मोठ्या आवाजात वाचून दाखवलं.

"व्हय की," चाचा म्हणाले. "तुमचं यंत्र थंड हाय. थंड लागलं की घोडं कातडं आवळतंय. आता ते यंत्र जरा काखेत धरा, पाच मिनिटं, आन मग लावा."

मी पाच मिनिटं व्हर्नियर काखेत धरून उभा राहिलो. शेडच्या दारातून त्यांची बायको, हलीमाचाची, पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग माप घेतलं. दोन्ही गाठी सारख्या भरल्या. त्या दिवसापासून ते मला 'मापसाहेब' म्हणू लागले आणि गल्लीनं ते नाव उचललं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशीच होती. ज्यांना कानानं कळत नाही त्यांनी मान बघावी, असं ते सांगत. दुडक्या चालीत दुखरा पाय टेकला की घोडं मान वर उचलतं, चांगला टेकला की खाली आणतं. "तुमी न्हाई का, चपलीत खडा गेला की तोंड वर करून चालता? घोडंबी तसंच. नुसतं ते थांबून चप्पल झाडू शकत न्हाय." गाठीला हात लावायचा तो बोटांच्या पाठीनं, कारण तळव्याला घट्टे असतात, ऊब समजत नाही. आणि आधी नेहमी चांगला पाय. "वंगाळ काय हाय ते चांगल्याला इचारायचं." त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: गरम गाठ दुखती, थंड गाठ नुसती दिसती.

एका हौशी मालकानं दहा महिन्यांच्या शिंगराला हरभरा, अंडी आणि तूप चारून चारून असं केलं होतं की चारही पायांच्या सांध्यांवर सूज आली होती. तो अभिमानानं सांगत होता, रोज काय काय घालतो ते. चाचा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तू काय खातो रं?" तो म्हणाला, भाकरी, शेंगाचटणी. "मग त्येलाबी तेवढंच झेपतंय. हाडं कच्ची हायत आन वर पैलवान बसवलाय तू. निम्मा खुराक कर, मऊ मातीत सोड." मालक रुसून गेला. दोन महिन्यांनी पेढे घेऊन आला. चाचांनी पेढे गल्लीत वाटले आणि त्याला विचारलं, "शिंगराला न्हाय ना दिलंस?"

हे सगळं मला आवडायचं. एक गोष्ट मात्र अशी होती की ती मी एकदाच पाहिली आणि पुन्हा पाहायला थांबलो नाही.

गरम गाठीवर चाचा डाग देत. हातभर लांबीची सळई होती, वडिलांकडून आलेली. कोळशात ती लाल करून गाठीवर तीन रेघा ओढायच्या, आडव्या, एकाखाली एक. वास येतो. शिंगरू ओरडत नाही, हे मला माहीत नव्हतं. त्याचं सगळं कातडं फक्त थरथरतं, पाण्यावर वारा आल्यासारखं. डाग द्यायच्या आधी चाचा त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत, "माफ कर बेटा, तेरे भले का हय." मग चाळीस दिवस ते शिंगरू मऊ मातीत बांधायचं; चालवायचं, पण पळवायचं नाही. चाळीस दिवसांनी बहुतेक वेळा ते नीट दुडक्या चालीनं जायचं. डागायच्या दिवशी चाचा दुपारचं जेवत नसत. "चाळीस साल से बोल रही हूं," हलीमाचाची मला सांगायच्या, "घोड्याला भाजता आन उपास आम्हाला." कारण ते जेवल्याशिवाय त्याही जेवत नसत.

ते तीन पट्टे प्रसिद्ध झाले होते. अक्कलकोटकडचे सिद्रामप्पा म्हणून एक शेतकरी-व्यापारी होते, घोड्यांचे शौकीन. कपाळावर रोज ठसठशीत विभूती. ते म्हणायचे, "चाचा तुमी मुसलमान, पण घोड्याला आमच्या शंकराचे पट्टे ओढता." चाचा म्हणायचे, "बापानं तीन ओढले म्हून मी तीन. त्यानं चार ओढले आस्ते तर तुमी काय केलं आसतं, अप्पा?"

आता वहीविषयी. चाचांना लिहिता येत नव्हतं. कोणाचे चाळीस दिवस कधी भरतात हे ते भिंतीवर खडूनं रेघा मारून ठेवत. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि एका पाण्याच्या दिवशी शेड धुताना ती भिंतच धुतली गेली. सहा शिंगरांचा हिशोब वाहून गेला. चाचा इतके गोंधळलेले मी कधी पाहिले नव्हते. मी म्हणालो, मी लिहून ठेवतो. तेव्हापासून अकरा वर्षं मी ती वही ठेवली: तारीख, मालक, कोणता पाय, गाठ केवढी, गरम की थंड, डाग दिला का, कितव्या दिवशी नीट चाललं. शेवटचा रकाना चाचा पाठ करून, ठोके ऐकून सांगत आणि मी भरत असे.

अकराव्या वर्षी एका खेचरानं त्यांच्या उजव्या मनगटावर लाथ मारली. तीन महिने प्लास्टर. शिंगरं तर येतच होती. चाचा म्हणायचे, "डाग हात बरा झाल्यावर देऊ, तवर नुसतं बांधून ठेव." अशी नऊ आली. हात बरा होईपर्यंत त्यांतली आठ नीट चालायला लागली होती. चाचा म्हणाले, "या बारीला गाठी हलक्या हुत्या." मी वही उघडली. गाठी हलक्या नव्हत्या. चार तर सुपारीएवढ्या होत्या.

त्या दिवशी घरी बसून मी पूर्ण वही दोन रकान्यांत मांडली. गरम गाठीची एकूण एकसष्ट. डाग दिलेली सत्तेचाळीस, त्यांतली त्रेचाळीस नीट झाली. डाग न दिलेली चौदा: ही नऊ, आणि मालकानं नको म्हटलेली आधीची पाच. त्यांतली तेरा नीट झाली. दिवसही तेवढेच, चाळीसच्या आसपास. मी तीनदा मोजलं.

चौदा हा आकडा लहान आहे, एवढं मला कळतं. म्हणून शहरातल्या एका पशुवैद्य डॉक्टरबाईंना मी वही नेऊन दाखवली. त्यांनी शांतपणे पानं चाळली. "ही गाठ विश्रांतीनंच बसते," त्या म्हणाल्या. "तुमचे चाचा ओळखतात अगदी बिनचूक. आणि चाळीस दिवस सांगतात तेही योग्य. डागण्याचा मात्र काही उपयोग नाही, तो त्या जिवाचा छळ आहे. त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

कुणी सांगितलं नव्हतं. मीही चार महिने सांगितलं नाही. नोकरीत एकही खोटं वजन मी पास केलेलं नाही, आणि ही वही कपाटात मिटून ठेवली होती. त्या चार महिन्यांत तीन शिंगरं डागली गेली. तीनही नोंदी माझ्याच अक्षरात आहेत.

शेवटी एका दुपारी गेलो. चाचा नाल घासत होते. मी सगळं सांगितलं, आकडे सांगितले, डॉक्टरबाईंचं म्हणणंही. त्यांनी कानस खाली ठेवली. हात धुतले, पुसले, बादली पालथी घातली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"वाचा," ते म्हणाले.

"काय वाचू?"

"ज्यांना डागलं त्यांचं. सगळ्यांचं."

मी वाचायला लागलो. अमक्याचं शिंगरू, पुढचा उजवा, हरभरा. तमक्याचं, पुढचा डावा, सुपारी. त्यांचं बोट मांडीवर एकेका नावाला पडत होतं. आता नवी तीन धरून पन्नास झाली होती. वाचायला अकरा मिनिटं लागली. पन्नासावं वाचून मी थांबलो तरी ते वळले नाहीत.

"म्हंजे पन्नास बार मी खोटी माफी मागितली की," भिंतीकडे बघत ते म्हणाले. "तेरे भले का हय म्हणलो. भलं तर चाळीस दिसांनी केलं. मी नुसतं भाजलं."

मी म्हणालो, "चाचा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"ते जाऊ द्या. ही तुमच्या वहीतली पन्नास. वहीच्या आधीची? आन बापानं किती डागली, त्याची वही कुणी लिवली?"

मला वाटलं होतं ते चिडतील, वही खोटी म्हणतील, त्या चौदाच्या आकड्यावर बोट ठेवतील. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती. ती उत्तरं घेऊन तसाच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकण्याचा आवाज आला म्हणून बाहेर आलो, तर ती सळई भट्टीत वाकवून चाचांनी तिची कडी केली होती आणि शेडच्या भिंतीत ठोकत होते. "आता हिला चाळीस दिस घोडं बांधायचं," ते म्हणाले. "हिचा तेवढाच उपेग."

त्याला तीन आठवडे झाले असतील. सिद्रामप्पा टेम्पोतून चंद्रीला घेऊन आले. अडीच वर्षांची पांढुरकी घोडी, अशी की मीही थांबून पाहिलं. चाचांनी पाठ केली, ठोके ऐकले, मग बोटं फिरवली. डाव्या पायावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती, जुनी, थंड.

"काय न्हाय हिला," चाचा म्हणाले. "घेऊन जा."

"काय न्हाय ते मलाबी दिसतंय," सिद्रामप्पा म्हणाले. "पट्टे ओढा की. आठ दिसांवर बाजार हाय."

"दुखत न्हाय, अप्पा. मग कशाला?"

"आता तुमाला काय सांगायचं! पट्टे बघितल्याबिगर गिऱ्हाईक हात लावत न्हाय. म्हणतंय, चाचाला दाखवलं न्हाय वाटतं."

"डाग म्हंजे आजार हुता, आसं आसतंय."

"ते तुमच्या शेडीत. बाजारात डाग म्हंजे चाचानं पास केलं." सिद्रामप्पांनी स्वतःच्या कपाळाकडे बोट केलं. "आता माझ्या कपाळावर तीन पट्टे हायत, मग मी काय आजारी हाय व्हय?"

चाचा हसले नाहीत. भिंतीतल्या कडीकडे हात करून म्हणाले, "ती बघा सळई. आता मी कुणालाच डागत न्हाय. डागून काय हुत न्हाय, अप्पा. मापसाहेबांनी मोजलंय."

सिद्रामप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या तराजूतलं वजन जप्त केलं असावं. "बेडा तर बेडा," ते म्हणाले. नको तर नको. चंद्रीची दोरी ओढली. "दुसरीकडं मिळतंय."

टेम्पो गेला.

"दुसरीकडं म्हंजे कुटं?" चाचांनी मला विचारलं.

चाचा घोड्यांच्या बाजारात जात नसत. तिथे सगळी जनावरं तेल लावून, सजवून उभी असतात, तो डोळ्यांचा बाजार, असं त्यांचं मत. त्या वर्षी मात्र त्यांनी मला सकाळी सात वाजता उठवलं. आम्ही एसटीनं गेलो. जावई तिथे जीनलगामाचं दुकान लावणार होता, त्याच्याकडे उतरू म्हणाले.

मैदानावर घोडे रांगांत बांधलेले होते. मी सवयीनं पहिली रांग मोजली. बासष्ट तरुण जनावरं. पुढच्या पायावर तीन पट्टे असलेली एकोणीस. मी वही पिशवीत आणली होती. मालकांची नावं विचारत गेलो. आमच्या वहीतली त्यांत चार होती.

मी पुन्हा मोजलं. चारच.

बाकीच्या पंधरा जनावरांच्या पायांवरून चाचांनी बोटं फिरवली. आधी चांगला पाय, मग डागलेला. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा बघणं मला कठीण होत गेलं. "हितं गाठच नव्हती," ते म्हणाले. पुढच्याला, "हितंबी न्हाय." पंधरांपैकी अकरांच्या पायाला कधी काही झालेलंच नव्हतं. धडधाकट जनावरं धरून, दाबून, कोणी कुठे सळईनं, कोणी पान्यानं भाजली होती, चाचांनी पास केल्यासारखी दिसावीत म्हणून. मी आयुष्यभर शिक्के मारत आलो. तपासून झाल्यावर शिक्का मारतात. तपासल्यासारखं दिसावं म्हणून जिवंत कातड्यावर शिक्का मारतात, हे माझ्या डोक्यात बसेना. मी वही मिटली आणि पुन्हा उघडली, उगीचच.

रांगेच्या टोकाला चंद्री होती. पट्टे ताजे होते, कडांना अजून ओल. आणि एका पायावर नव्हे, पुढच्या दोन्ही पायांवर.

"दोन्ही?" चाचांच्या तोंडून एवढंच निघालं.

सिद्रामप्पा खाली बघत होते. "त्यो म्हणला, एकावर आसलं तर एकच पाय पास वाटतोय. आन जरा खोल दिला की लांबनं दिसतंय." मग हळूच, "दोन दिस झाले, डावा नीट टेकत न्हाय. बसंल न्हवं, चाचा?"

चाचा जमिनीवर गुडघे टेकून बसले. बोटांची पाठ त्यांनी त्या पायाला लावली आणि लगेच काढली. नळीमागची शीर सुजली होती, मलाही दिसत होतं. ते उठले, तिच्या कानाशी तोंड नेलं. "माफ कर बेटा." एवढंच. पुढचं वाक्य ते म्हणाले नाहीत.

"अप्पा, हिला इकू नका. माझ्या कडीला आणून बांधा. चाळीस न्हाय, ऐंशी दिस लागत्याल, पण मी बघतो."

"बघू की, बघू की," सिद्रामप्पा म्हणाले.

मग चाचा परत रांगेच्या सुरुवातीला गेले आणि एकेका डागलेल्या जनावराच्या कानाशी जाऊन तेच म्हणू लागले. आपला डाग, परक्याचा डाग, असा भेद केला नाही. पायाला हात लावायचे, कानाशी वाकायचे, आणि मग आजूबाजूला जो कोण असेल त्याला मोठ्यानं सांगायचे, "हा डाग बघून घेऊ नका. हा माझा न्हाय. आन माझा आसता तरी त्याचा काय उपेग न्हाय. मी चुकलो. पाय बघा, डाग बघू नका."

लोक जमले. आधी हसले. "चाचा आता धंदा वाढवायला बाजारात उतरले," एक म्हणाला. "म्हातारपण हो," दुसरा. कोणीतरी मोबाइल काढला, मग सगळ्यांनीच काढले. चाचा सांगत होते, घसा बसत आला होता, आणि मला वाटलं, निदान व्हिडिओ तरी निघतोय, चार लोक ऐकतील.

मी मागे राहून मोजत होतो. दुपारी बारा वाजता पाहिलं तर चाचांनी ज्या पहिल्या सात जनावरांना हात लावला होता, त्यांतली पाच दावणीवर नव्हती, विकली गेली होती. पलीकडच्या, चाचा न गेलेल्या रांगेत एकही हललं नव्हतं. मला कळेना. मग एका विकणाऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. तो गिऱ्हाइकाला मोबाइल दाखवत होता. गोंगाटात आवाज ऐकूच येत नव्हता. पडद्यावर फक्त चाचा दिसत होते, घोड्याच्या पायावरून हात फिरवताना, कानाशी वाकताना.

"बघा," तो म्हणाला, "खुद्द चाचांनी हात लावलाय. वर कानात दुवा दिली. आजून काय पायजे?"

या वेळी मी चार महिने थांबलो नाही. चार मिनिटंही थांबलो नाही. चाचा आता दुसऱ्या रांगेत, तेविसाव्या घोड्यापाशी होते. मी त्यांना सांगितलं.

त्यांचा हात त्या घोड्याच्या पायापासून वीतभर अंतरावर होता. तो तिथेच थांबला. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दोन्ही हात हळूहळू काखेत घातले, घट्ट, थंडी वाजणाऱ्या माणसासारखे.

तेवढ्यात सिद्रामप्पांचा आवाज आला. चंद्रीचा सौदा झाला होता. घेणारा कोणी लांबचा होता, वरातीसाठी घोडी हवी असलेला, खुशीत होता. चाचा त्याच्या आडवे गेले.

"ही लंगडी हाय," ते म्हणाले. "डावा फुडचा. चालवून बघ. कान हायत का न्हाय तुला?"

त्यानं वाकून चाचांच्या पायांना हात लावला. "आसू द्या की चाचा. सकाळी तुमी हात लावलाय हिला, मी व्हिडिओ बघितलाय. हुईल नीट."

सिद्रामप्पा दुसरीकडे बघत होते.

त्या संध्याकाळी चाचा जावयाच्या जीपमध्ये बसून बाजारातूनच मुलीच्या गावाला गेले, ते या गल्लीत परत आले नाहीत. सामान न्यायला हलीमाचाची एकट्या आल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचाच फोन आला, चाचा गेल्याचा. कडी अजून भिंतीत आहे. वही माझ्याकडे आहे; तिच्यात त्या दिवसाची नोंद मी केलेली नाही, कारण कोणत्या रकान्यात करावी ते मला ठरवता आलं नाही.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते तिथेच, जीपची वाट बघताना. जावयाच्या दुकानामागे एक बादली पालथी घालून, बाजाराकडे पाठ करून ते बसले होते. हात काखेतच. मांडीवर बोट पडत नव्हतं. मैदानाच्या कडेला सिमेंटचा रस्ता होता आणि चंद्रीला घेऊन तो माणूस त्या रस्त्यानं आमच्या मागून चालला होता.

अकरा वर्षं मला चारही ठोके सारखेच ऐकू येत आले होते. त्या दिवशी नाही. एक, दोन, तीन, आणि मग एक हलकासा, जमिनीला जेमतेम लागणारा. एक, दोन, तीन. चाचा वळले नाहीत. आवाज पार जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.